वडिवळ्याची लांब हाडं

भातं कापून झाली की मावळात जावं. पावसाळ्यात कुणीही जाईल. माझी धाकटी बहीण वसुधा मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. वडिवळ्याच्या पोलीस पाटलांनी तिला बोलावलं आणि पिशवी धरायला म्हणून मीही निघालो. तिची अट एकच होती, तिथे भाषण करायचं नाही.

सकाळची पॅसेंजर धरा. घोरावाडीला ती उगाच रेंगाळते, तेवढ्यात डबा उरकून घ्या. कामशेतहून पुढे खाचरांच्या बांधांवरून पायी. वहाणा मजबूत हव्यात.

ओढ्याकाठी विहीर खणताना जुना सांगाडा निघाला होता. पंचनामा उरकला होता. डोंगरवाडीची ठकूमावशी म्हणत होती, ही माझी आई. ठकू लहान असताना आई सरपणाला गेली ती परतलीच नाही, आणि ती कुणाचा तरी हात धरून पळाली असं गावाने ठरवून टाकलं. तो टोमणा मावशीने जन्मभर ऐकला.

पाटलांनी मांडीचं हाड स्वतःच्या मांडीला लावून दाखवलं. “माज्यापरीस लांब हाय. बाप्याचंच.”

वसुधाने सगळी मापं घेतली. मग म्हणाली, “आबा, नुसत्या लांबीवर गेलं तर तुमचं बरोबर. पण आकार वाढला की घडणही थोडी बदलते, म्हणून दोन्ही एकत्र बघायचं. हे कमरेचं हाड बघा. पुरुष कितीही थोराड असला तरी ही खाच त्याची अरुंदच राहते. इथे ती चांगली पसरट आहे. ही उंच बाई आहे.”

“माजी आय हाय का?”

“ते हाडं सांगत नाहीत, मावशी.”

मावशी उठून उभी राहिली. पाटील तिच्या खांद्याला लागत होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “ठके, लुगडं आण.” वाडीत बाईला लुगड्यात गुंडाळूनच मूठमाती देतात.

“आणलंय. पर तिला कंच्याबी लुगड्याचा पन्ना पुरला न्हाई.”

दुपारी पाटलांकडे आंबेमोहोर भात आणि कुळथाचं पिठलं झालं. निघताना पाटील पारावरच्या म्हाताऱ्यांना बजावत होते, “ठकीची आय वढ्यातच गेली. कुटं पळाली न्हवती.” वसुधाने ते ऐकलं आणि वहाणा चढवल्या.

कार्ल्याच्या फाट्यावर चहा, वाट वाकडी करून लोणावळ्याहून चिक्की, आणि रात्रीपर्यंत घर. बाई म्हणजे पुरुषाची लहान प्रत, हा समज मी सभांमधून नेहमीच झोडतो. आता त्यासाठी माझ्याकडे ओढ्याकाठचा पुरावा आहे. पाटलांना अडवलं का नाहीस, असं मी वसुधाला विचारलं.

“मी कागदावर ‘स्त्री, उंच’ एवढंच लिहिलंय,” ती चिक्की मोडत म्हणाली. “पुढचं गावाने बोलायचं होतं. इतकी वर्षं वाईट बोलले, आता चांगलं बोलू देत.”