आयर्लंडच्या डोंगराची तालीम

लेक आयर्लंडला असते. मागच्या हिवाळ्यात तिनं तिथल्या एका डोंगराचा नकाशा मोबाईलवर पाठवला. वर जायला तीन वाटा: एक तळ्याच्या कडेनं, एक दांडावरून आणि एक लांबची, लेकराबाळांना घेऊन जायची. खाली लिहिलं होतं, 'आई, उन्हाळ्यात ये. तळ्याकडनं चढू, तीच सगळ्यात देखणी. पण शेवटचा चढ निव्वळ दगडांचा आहे. गुडघा साथ देईल ना?'

गुडघा बदलून वर्ष झालं होतं, आणि मला सोडून सगळं खानदान त्याच्यावर चर्चा करत होतं. शेवटी आमच्या ह्यांनी निकाल दिला. आमच्या इथल्या गुलमंडीच्या बाजारात ह्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळं घरात पण गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखंच बोलतात.

"गोगाबाबाची टेकडी चढून दाखव, कुणाचा हात न धरता. मग काढू तुझं तिकीट."

"आणि तुमचं?"

"मी दुकान सोडून कुठं येऊ?"

लई राग आला. माझी परीक्षा घेणारे हे कोण? पण लेकीला दोन वर्षांत जवळून पाहिलं नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

ह्यांनी दुकानातल्या खाकी कागदावर टेलरच्या खडूनं टेकडी काढली. तिच्याही तीन वाटा: समोरची उभी मुरमाची, मधली झाडीतली आणि मागची वळसे घेत जाणारी. नजरेनं कापडाचा पन्हा सांगणारा माणूस. डोंगर पण तसाच मोजला. म्हणे, मागचीच घ्यायची आणि दर वळणाला बसायचं, तुझ्या गुडघ्यासाठी.

तीन महिने दर रविवारी पहाटे आम्ही अर्ध्यापर्यंत जाऊन परत यायचो. गुडघा गुमान चालायचा, पण हे बसायला लावायचे. बसवायला कारण नाही मिळालं तर "थांब, बूट बांधतो" म्हणायचे. एकदा तर चार वेळा बांधले. मी म्हटलं, बूट नवे आणा, नायतर चपलेवर या.

मग एका रविवारी माझं डोकं फिरलं. "मी समोरनं चालले, तुम्ही या मागनं," म्हटलं आणि निघाले. मुरूम पायाखालनं सरकत होता, एक पाऊल वर तर अर्धं खाली. शेवटी दोन्ही हात टेकून, साडी खोचून चढले. फिरायला आलेला एक पोरगा म्हणाला, "मावशी, हात देऊ?" म्हटलं, नको रे बाबा, माझी परीक्षा चालू आहे.

पोचले. मकबऱ्याचे मिनार खाली, दौलताबादचा किल्ला लांब धुक्यात. थोडं रडू आलं, ते आनंदाचं. मग ह्यांची वाट बघत बसले, एक झणझणीत टोमणा तयार ठेवून. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हे नाहीत.

मागच्या वाटेनं उतरले तर दुसऱ्याच वळणावर दगडावर बसलेले. नाडी बांधलेलीच होती, तरी हात बुटावर. शर्ट घामानं ओला.

"पोचलीस का?"

"व्हय."

"मग तुझं तिकीट पक्कं." मग बुटाकडं बघत म्हणाले, "मला दम लागतो गं. दिवाळीपासून. सांगितलं असतं तर तू लेकीकडं गेली नसतीस."

टोमणा राहूनच गेला. म्हणजे ती वळणं, ते बसणं माझ्या गुडघ्यासाठी नव्हतंच. मी चिडले, रडले आणि त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, दुकानात गादीवर बसून वजन वाढलंय, रोज सावकाश चाला.

आता परीक्षा मी घेते. परवा हे कुठंही न बसता तिसऱ्या वळणापर्यंत आले, तिथूनच मी लेकीला फोन लावला.

"दोन तिकिटं काढ. आणि आपण त्या लांबच्या वाटेनं जाऊ."

"अगं, ती तर लेकराबाळांची. आपलं तळ्याकडनं ठरलं होतं ना?"

शेजारी हे बूट बांधायला वाकले होते.

"तळं वरनं दिसंल की," मी म्हटलं.