दांड्यावरची जागा

साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला. सगळ्यांची डोकी फिरली होती. माझं आधीच फिरलेलं होतं, कारण मी पुण्याहून एका कापूसवाल्या शेठकडे आलेला गुमास्ता होतो.

शेठच्या आवारात रुईच्या गाठी बांधायचा दाब होता. त्याचा दांडा गडी छातीनं रेटत गोल फिरवत. दांड्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली असे. त्यांतल्या एकाचं नाव मी कधी विचारलं नाही. कामाला लागण्याआधी तो दांड्याच्या पाया पडे. एकदा त्याची दोन बोटं दाबात चिरडली. बरा झाल्यावर त्यानं भरपाई मागितली, म्हणून शेठनं त्याला कामावरूनच काढलं.

मी शहाणपण शिकवायला गेलो. "मागितलंस कशाला? काम गेलं ना!"

तो म्हणाला, "बोटं गेली मुनीमजी, छाती तं हाये ना? मले बोटायचे पैसे बी पाह्यजेत अन् माही जागा बी."

तो फाटकाबाहेर बसून राहिला. आत गड्यांनी त्याची जागा रिकामीच ठेवली. गाठी ढिल्या निघू लागल्या. शेवटी मीच धोतर खोचून तिथं उभा राहिलो. गडी नेहमीपेक्षा जोरात फिरले एवढंच. दुसऱ्या फेऱ्यात मला उचलून न्यावं लागलं.

संध्याकाळी शेठनं मुकाट्यानं भरपाई देऊन त्याला परत घेतलं. कंबरेची भरपाई मागायला मीही वाकत वाकत शेठच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच मागं फिरलो. माझी हिशेबाची गादी रिकामी ठेवणारं त्या आवारात कोणी नव्हतं.