कमरेएवढ्या उंचीवरची भेग

ही गोष्ट मी अर्धं आयुष्य कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर मला तंबाखूची पुडीही लपवता येत नसे. गेल्या महिन्यात गावासमोर तोंड उघडलं, पण तेव्हा घाईत बोललो. तुम्हाला निवांत सांगतो.

मी गवंडी. गाव किन्हीराजा, पण कामं मानोऱ्याकडच्या तांड्यांवरही केली. अशाच एका तांड्यावर मी काँक्रीटची टाकी बांधली. टेकाडावरची, गोल. घराची भिंत थोडी चुकली तरी घर उभं राहतं. टाकी चुकली, तर ती रोज चारचौघांत रडते.

तराई, म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी मारत राहणं, हे काम तिथल्या चांदीबाईकडे होतं. विहिरीवरून पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, भरून आणायची, भिंतीवरचं गोणपाट सुकू द्यायची नाही. घरामागे तिचा वांग्यांचा वाफा होता.

टाकी भरली आणि कमरेएवढ्या उंचीवर गळू लागली. लोक जमले. मला विचारलं. मी काय म्हणालो? — "तराई कमी पडली." तिचं नाव नाही घेतलं. घ्यायची गरज तरी होती का? तराई ती एकटीच करत होती. कुणीतरी वांग्यांकडे बोट दाखवलं. वांगी त्या साली नेमकी छान आली होती. झालं! पाणीचोर हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पुन्हा कुठल्या मिस्तरीनं तिला कामावर घेतलं नाही. टाकी कायम अर्धीच भरायची, चढावरच्या घरांना पाणी पोचायचंच नाही. आणि मी? मी मोठा मिस्तरी झालो.

खरं काय ते सांगायला अजूनही कचरतोय बघा.

भिंत ओतायची होती त्या दिवशी जवळच्या गावात शंकरपट होता. मेहुण्याची बैलजोडी पळणार होती. फळ्यांमध्ये माल ओतायचा, सळईनं कोचत बसायचं — त्यात दिवस जातो. मी मालात पाणी वाढवलं. पातळ माल आपोआप खाली घसरतो, कोचावं लागत नाही. पण ते जास्तीचं पाणी उडून जातं, माल आकसतो आणि भिंत फाटते. फळ्या काढल्या तेव्हाच भेग दिसली — आरपार. तराईचा पहिला गुंडही अजून यायचा होता! चांदीबाईला पाण्याला पिटाळलं आणि ती येईपर्यंत भेगेवर कोरडं सिमेंट चोळून थापीनं घोटून टाकलं.

माणसं फसली. पाणी कसं फसेल? धड काँक्रीटमधून ते जेमतेम झिरपतं. केसासारख्या भेगा तर काँक्रीटमधल्याच चुन्यानं हळूहळू बुजतात. पण भेग आरपार असली, की अख्ख्या भिंतीतून जात नाही एवढं पाणी त्या एका फटीतून जातं. आणि फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होऊन थांबत नाही — कितीतरी पट वाढते. माझी भेग दर उन्हाळ्यात थोडी रुंदावत गेली.

गेल्या महिन्यात टाकी दुरुस्त करायची म्हणून सभा भरली. जुना मिस्तरी म्हणून मलाही बोलावलं. पाणी सोडायच्या कामाला चांदीबाईच्या सुनेचं, रंजनाचं नाव निघालं. तेवढ्यात मागून कुणी बोललं, "सासूनं तराईचं पानी वांग्याइले घातलं. सून त टाकीच घरी नेईन!" लोक हसले. चांदीबाई पदर सारखा करून उठायला लागली.

तिच्याआधी मी उठलो. "तिनं थेंबभर पानी चोरलं नाही," म्हणालो. "भेग माही हाये." पातळ माल, शंकरपट, पिटाळणं — सगळं सांगितलं. मग टाकीपाशी गेलो, छिन्नी मागितली आणि माझा घोटलेला थर पाडला. आत भेग तशीच, तोंडावर चुन्याचे पांढरे ओघळ. या हातांत छिन्नी इतकी हलकी कधी वाटली नव्हती!

मग चांदीबाई बोलली — इतक्या वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा.

"मंग मिस्तरी, पट कोनं जितला?"

"आमची जोडी आडवी पळाली, बाई. हारलो."

"बरं झालं," ती म्हणाली. "लय बरं झालं."

अख्खा तांडा हसला. या खेपेला माझ्यावर.

भेग खोल कोरून भरली. तराई रंजनानं केली. चांदीबाई समोर खाट टाकून बसायची, आणि गोणपाट जरा सुकलं की सुनेला सोडून मलाच ओरडायची. तिची गेलेली वर्षं काही मला भरून देता येत नाहीत. शंकरपट ही काही सबब नव्हे, तेही मला ठाऊक आहे.

काल टाकी काठोकाठ भरली. मी भेगेच्या जागी तळहात टेकवला. कोरडी. ठणठणीत कोरडी! रंजनानं वॉल्व्हचं चाक फिरवलं आणि पाणी चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत चढलं. ते घर चांदीबाईचं. तिनं पहिला गुंड भरला, डोक्यावर घेतला, आणि सगळ्या तांड्याच्या देखत वांग्यांना घातला.