आईची पेटी दोनदा गेली

मार्चचा दुसरा रविवार, चर्चमधली उपासना आटोपल्यावर. हजर: आई, मी, धाकटा भाऊ आणि टेप घेऊन आलेले वडवणीचे सुतारकाका. जागा: आमची ओसरी. काम: आईच्या शवपेटीचं माप. तिसऱ्यांदा.

वडील गेले तेव्हा पेटी बीडहून मागवली होती. माझी यादी तयार होती: पाळक, खड्डा, मंडप, फुलं, चहा. फोनवर उंची सांगायची तेवढी राहिली. पेटी चार बोटं आखूड आली. वडिलांना गुडघे दुमडून निजवावं लागलं. मी हुंदके देत होते, तर आईच माझी पाठ चोळत म्हणाली, "अगं, ते तसंच झोपायचे. पाय पोटाशी घेऊन." मग डोळे पुसून, "माझी मात्र आधीच करून ठेव. माप घेऊन."

केली. कडुलिंबाच्या फळ्यांची. आईने तिच्यात गोधड्या भरल्या आणि ती ओसरीवर ठेवली. आलेगेले तिच्यावरच बसून चहा प्यायचे.

"आक्का, दिवाण लई झ्याक हाय," शेजारीण म्हणायची.

"मग निजून बघ की!"

पहिल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीतले तेलगावचे एक बाबा गेले. बीडहून पेटी यायला संध्याकाळ होणार होती. आईने गोधड्या बाहेर काढल्या आणि म्हणाली, "उचला."

दुसरी पेटी केली. ती त्याच शेजारणीला गेली. तिला कॅन्सर होता, वय जेमतेम चाळीस. मंडळीतलीच, प्रार्थना रोजची; पण पेटीत बंद व्हायची तिला फार भीती वाटायची. शेवटचे पंधरा दिवस आई रोज तिच्या उशाशी असे. एकदा डबा घेऊन गेले तेव्हा आई तिला सांगत होती, "ती एसटीतली सीट हाय बाई. गाव येईस्तोर बसायचं. गाव आलं, प्रभू न्यायला आला, की उतरायचं. सीट कोण घरी नेतं का?"

शेजारीण कितीतरी दिवसांनी हसली. "खिडकीची हाय का, आक्का?"

"तुझ्यासाठी रुमाल टाकून ठेवलाय."

तिला मातीला नेताना मी आईवर चिडले होते, हे कबूल करते. ऐन वेळी पुन्हा पेटी आखूड आली तर?

तर या रविवारी आई खांबाला टेकून ताठ उभी राहिली. "वर दोन बोटं जास्ती धरा, अंबाडा हाय." काकांनी आकडा सांगितला. मी वहीत लिहिला आणि वरचा जुना आकडा दिसला. आई दीड इंच कमी झाली होती. माझा पेन थांबला.

"कमी भरले? बरं झालं, लाकूड वाचलं," आई म्हणाली. भाऊ हसला, मला हसू येईना. तशी ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुझ्या डोक्यात अजून बापाची पेटीच हाय ना? प्रभूच्या कबरीवरचा धोंडा ज्यानं सरकवला, त्याला चार बोटं जड हायत का गं?"

त्या रात्री मी फार दिवसांनी गाढ झोपले.

काका म्हणून गेले, "फळ्या हायत. फोन करा, की दोन दिवसांत देतो." त्याला महिना झाला. वहीतल्या त्या पानावरच्या बाकी सगळ्या कामांवर रेघ मारून झाली आहे. गोधड्यासुद्धा धुऊन, घडी घालून ठेवल्या आहेत. काकांना फोन करायचा राहिला आहे.