ओल्या गव्हाची ओटी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या श्रावणात, शुक्रवारी, सकाळी अकरा ते दुपारी दीड. आरोपी बावीस. सगळे नात्यातले, सगळे प्रेमळ, म्हणून गुन्हा कुणावरच दाखल नाही.

आत्याला रक्ताचा कॅन्सर. सांगलीत, विश्रामबागेतल्या दवाखान्यात केमो घेऊन ती साताऱ्याकडच्या आमच्या गावी परतली, तेव्हा अंगातल्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं : गर्दी नको, धूळ नको, बुरशीचा तर वाराही नको. मी चळवळीतली, मला पत्रक काढण्यापलीकडे काही येत नाही. दारावर चिकटवलं : ‘पेशंटला भेटणे म्हणजे पेशंटला मारणे!’ ज्यांना आत्या आजारी असल्याचं ठाऊकच नव्हतं, तेही ते वाचून आत आले.

दारात पहाऱ्याला मामा, म्हणजे आत्याचे यजमान. फौजेतून निवृत्त. त्यांनी बायकांची रांग लावली.

“आवं मामा, आत सोडू नका!”

“सोडत न्हाई गं. एकेक करून पाठवतोय.”

दवाखान्यातून परतलेल्या सवाशिणीची ओटी भरल्याशिवाय आमच्याकडे कुणी हलत नाही. आत्याच्या थोरल्या जाऊबाईंनी कणगीच्या तळाचे गहू आणले होते. पावसाची ओल धरलेले, कुबट. ओंजळ पदरात पडली की धुरळा उठायचा.

“तोंडाचं फडकं काढ की, कुकू लावायचंय,” जाऊबाई म्हणाल्या.

“कुंकू कपाळाला लावतात, काकू!”

“तू गप. लगीन झाल्यावर बोल.”

आत्यानं मास्क उतरवला. नऊ ओट्या.

पाच दिवसांनी ताप चढला. अँटिबायोटिकला दाद देईना. पुन्हा सांगली, सीटी स्कॅन, मग दुर्बीण घालून फुप्फुसातलं पाणी तपासलं. बुरशी निघाली. धडधाकट माणूस रोज हुंगतो आणि विसरतो, तीच.

“घरात धूळ कुठून आली?” डॉक्टरांनी विचारलं.

“ओटीतून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “त्याच गव्हानं झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण ओलं धान्य यांच्या नाकाखाली येऊ कुणी दिलं?”

मामा ताठ उभे राहिले. “मी सोडलं, सर. एकेक करून.”

केमो थांबली. खरा घाव तो. फुप्फुस बरं होईपर्यंत कॅन्सर काही थांबत नाही. आधी सलाइनमधून, मग गोळ्यांतून बुरशीवरचं औषध कित्येक आठवडे चाललं. त्या गोळ्यांनी आत्याला भिंती हिरव्यागार दिसायच्या. “दवाखान्याला रंग दिलाय व्हय गं? लय भारी.” मी बाहेर जाऊन रडले आणि आत येऊन म्हणाले, व्हय, परवाच दिला.

फुप्फुसावरचा डाग आटत आला. केमो परत सुरू झाली. येत्या गुरुवारी आत्या घरी येतेय, पेशी पुन्हा तळाला गेलेल्या. जाऊबाईंचा निरोप आलाय : गहू बाधला ना, मग या खेपेला तांदूळ आणते.

तेव्हा तुम्हाला सांगते, ही विनंती नाही. तुमच्या गल्लीत केमो घेतलेलं माणूस घरी आलं, तर त्याचा उंबरा ओलांडू नका. फोन करा. आणि तुमच्यामागून जी मंडळी पिशवी घेऊन निघतील, त्यांनाही हाताला धरून मागे फिरवा. ती रुसतील. रुसू द्या.