अण्णाचं नाक आणि तीन सिगार

बातमी आली तेव्हाही मी अण्णावर चिडलेलीच होते. त्या दिवशी त्याला बिदरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. चार दिवस छातीत दुखत होतं त्याच्या. मी गाडी सांगून ठेवली होती, शाळेत रजेचा अर्ज दिला होता, आणि हा माणूस सकाळी अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून म्हणाला, "आज न्हाई शांता, उद्या जाऊ. आज मला बरं वाटायलंय." मी कपबशी आपटली. रजा रद्द करून तडक शाळेत निघून गेले. दुपारी चौथीच्या वर्गात गुणाकार घेत होते, तेवढ्यात शेजारच्या कल्लाप्पाचा फोन आला. "बाई, तुमी घराकडं या. अण्णा उठंना झालेत." दीड महिना झाला त्याला. माणूस गेला की त्याच्यावरचा राग आपोआप निवळतो, असं लोक म्हणतात. माझा काही निवळलेला नाही... म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांची मेंढरं होती. लहानपणी अण्णा अंधाऱ्या खोपटात घोंगडी हुंगून ती कुणाची ते सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. हे नाकच त्याला हैदराबादला घेऊन गेलं. तिथं एका जुन्या कारखान्यात हातानं सिगार वळायचे. बिडी नव्हे, गावठी चुट्टा नव्हे. क्लबात आणि बड्या घरांत ओढायचे ते लांब, जाड, लाकडी पेटीतून जाणारे सिगार. अण्णा आधी दहा वर्षं वळायला होता. मग मालकानं त्याला पारखायला बसवलं. रोजच्या मालातून त्यानं चार-सहा सिगार उचलायचे, बघायचे, दाबायचे, ओढायचे आणि माल पास करायचा किंवा परत टाकायचा. सगळ्या कारखान्यात म्हण होती, "अण्णा बोले तो पास." वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. त्या चार शब्दांवर त्यानं हैदराबादची सगळी वर्षं काढली. पुढं मालकाच्या मुलांनी कारखाना पाडून तिथं दुकानांची मोठी इमारत उभी केली, आणि अण्णा एक ट्रंक घेऊन दुबलगुंडीला, माझ्या घरी आला. माझे यजमान त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. मला वाटलं, आधार झाला.

कसला आधार! कारखाना गेला तरी ह्याचा पारखण्याचा धंदा चालूच. आमटी पुढं ठेवली की ताटावर वाकून वास घ्यायचा. "तूर जुनी हाय." पिठाचा डबा उघडला की, "गिरणीवाल्यानं आधी मिरची दळलेली दिसतीय." लग्नाच्या जेवणात पंगतीत बसून तुपाला नावं ठेवायचा, आणि यजमानीण माझ्याकडं बघायची. मी रागावले तर म्हणायचा, "मी खोटं सांगायलोय का?" खोटं नसायचं, तेच तर अवघड होतं.

माझा मुलगा सतीश तेव्हा हैदराबादला एका मोठ्या हॉटेलातल्या दुकानात कामाला होता. मोबाइल नवे होते, शहरात नवा पैसा आला होता आणि परदेशी सिगार ओढणं ही ऐट झाली होती. दुकानाच्या शेठनं सिगारचं वेगळं दालन काढायचं ठरवलं. माल निवडायचं काम सतीशकडं दिलं. सतीशनं एका व्यापाऱ्याकडून तीन जातींचे सिगार घेतले, सगळे हातानं वळलेले म्हणून. आणि बढाई मारली की, माझ्या मामानं आयुष्यभर हेच केलंय. शेठ म्हणाला, मग मामाकडून पास करून आण. उद्घाटनाला पाच दिवस उरले असताना सतीश तीन सिगार घेऊन घरी आला.

"मामा, तीनी चांगल्या हाइत एवढंच लिहून द्या. सांजच्या गाडीनं मला परत जायचंय."

"बघू की," अण्णा म्हणाला.

त्या बघण्याला दोन दिवस लागले! घरात फोडणी द्यायची नाही, उदबत्ती लावायची नाही, साबणानं हात धुवायचे नाहीत. आम्ही दोन दिवस दही-भाकरी खाल्ली. पहिल्या दिवशी अण्णानं फक्त एक सिगार हातात घेतला. दाराच्या उजेडात धरून वरच्या पानाच्या शिरा बघितल्या. अंगठा आणि बोटात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू दाबत गेला. कानाशी नेऊन ऐकलं. पान वाळलं असेल तर करकरतं म्हणे. मग ब्लेडनं टोक कापलं, न पेटवताच दोन झुरके ओढले आणि डोळे मिटून बसला. काडी ओढली, तिचा गंधक जळून जाऊ दिला आणि मगच सिगार ज्योतीच्या वर धरून फिरवत फिरवत पेटवला. धूर तोंडात घ्यायचा, घोळवायचा, सोडायचा. छातीत न्यायचा नाही. राख बोटभर वाढेपर्यंत झटकायची नाही. सतीश ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. मी दोनदा विचारलं, "काय करायलास अण्णा, झालं का?" त्यानं हातानंच थांब म्हटलं. एक सिगार संपायला तास-सव्वा तास, आणि नंतर हा तेवढाच वेळ भिंतीकडं बघत बसलेला.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन झाले. तिसऱ्याची राख पापुद्र्यासारखी गळून पडली आणि सिगार एका अंगानं जळत गेला. अण्णानं तो विझवला, ब्लेडनं उभा चिरला. वरून दोन अखंड पानं आणि आत नुसता चुरा, कारखान्यात झाडून गोळा करतात तसला. मग त्यानं माझ्या वहीतलं पान फाडून लिहिलं: "पहिली हातची, चव उत्तम. दुसरी हातची, चव उत्तम, जराशी कडक. तिसरी खोटी."

सतीशचा चेहरा उतरला. "मामा, माल मी निवडलाय. हे बघून शेठ मला ठिवील का?"

मीही म्हणाले, "अण्णा, एक शब्द बदल की. लेकराच्या नोकरीचा सवाल हाय."

"शांता, चिरून तुमच्या म्होरं ठिवली की. आता काय लिहू?"

सतीश तो कागद खिशात घालून गेला आणि शेठला तोंडी सांगितलं, तिन्ही पास. उद्घाटनाच्या दिवशी एका जाणत्या पाहुण्याच्या हातात नेमकी ती तिसरी जात आली. ती वाकडी जळायला लागली आणि त्यानं सगळ्यांच्या देखत चिरून ताटलीत ठेवली. शेठनं सतीशला विचारलं, मामानं खरंच पास केलं होतं का? सतीशला पुन्हा खोटं बोलवलं नाही. कागद काढून दिला. नोकरी गेली ती लपवाछपवीमुळं, हे मला कळत होतं. पण राग आम्ही दोघांनी अण्णावर काढला. सतीश पुण्याला गेला, एका कंपनीत लागला आणि मामाशी बोलणं त्यानं सोडलं ते सोडलंच. मी एका घरात राहून अण्णाशी कामापुरती बोलायचे. तो मात्र आमटीला नावं ठेवायचा थांबला नाही.

अशीच तीनेक वर्षं गेली. एका सकाळी शाळेत निघाले आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले. दार उघडलं तर गॅसच्या वासानं डोकं भणभणलं. शेगडीची नळी निसटली होती. आणि तिच्यापासून चार हातांवर अण्णा पेपर वाचत बसलेला, तोंडात चुट्टा, हातात काडेपेटी! मी ती हिसकली, गॅस बंद केला, त्याला ओढत अंगणात आणलं.

"मरायचं व्हतं का? एवढा वास सुटलाय, कळंना का तुला?"

त्यानं पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "न्हाई कळत. पाच वर्षं झाली."

मी हिशेब केला आणि ओट्यावरच बसले. पाच वर्षं म्हणजे सतीश सिगार घेऊन आला त्याच्याही आधीपासून. "मग आमटीला नावं ठिवायलास ते?"

"सवय. मग नुसता अंदाज. तुला कळू ने म्हनून."

"आन त्या तीन सिगार?"

"तिसरी बोटांना कळली. मदी मऊ, मदी गाठ. आन राखंनं सांगितलं. पयल्या दोन हातच्या हाइत हे बी बोटांना कळलं. दुसरीचा कडकपणा घशाला लागला. चव कुटली कळती? दोन दिवस बसलो, वाटलं आज न्हाई तर उद्या तरी येईल. न्हाई आली." मग म्हणाला, "उत्तम म्हनून लिवलं. पोराचं भलं व्हावं म्हनून."

मी त्याला एक शब्द बदल म्हणून विनवत होते, आणि त्याआधीच त्यानं दोन शब्द खोटे लिहिले होते. सगळी हयात जे केलं नाही, ते माझ्या मुलासाठी केलं होतं. "कामून सांगितलं न्हाईस?" मी ओरडलेच. तो म्हणाला, "काय सांगू? अण्णाचं नाक गेलं म्हनू?" सतीशला सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्यानं. आणि मी वेडी ती शेवटपर्यंत पाळत राहिले. ह्याचा राग आता कुणावर काढू?

सतीश मातीला आला. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यावरच उखडला. "आई, तू मला आधी सांगायचं व्हतंस. एक फोन केला असता मी!" बरोबरच होतं त्याचं. 

जाताना त्यानं अण्णाची पांघरायची वाकळ मागितली. मी म्हटलं, "धुऊन देते. तंबाखूचा वास बसलाय तिला." तेव्हापासून ती वाकळ मी चारदा धुतली. सोडा घातला, भर उन्हात वाळवली, दोन्ही बाजूंनी बडवली. वास जात नाही. परवा वैतागून पुण्याला फोन लावला आणि म्हटलं, काय करू या वाकळेचं, जीव खाल्ला हिनं माझा... सतीश म्हणाला, "आई, आता पुन्हा धू नकोस. तशीच आण."

दोरीवरून काढली आणि घडी घातली. पुढच्या रविवारी घेऊन जाते.