मग तो घरी गेला

भूतवाल्या काकूंनी भुताचा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. शहरात, औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी कॉलेजसाठी भाड्यानं राहत होते. खाली रोज संध्याकाळी टीव्हीवर जुने काळेपांढरे इंग्रजी सिनेमे चालत. पट्ट्या गुंडाळलेले मुडदे, पौर्णिमेला लांडगे होणारी माणसं, वेड्या डॉक्टरांनी तळघरात घडवलेले राक्षस. काकूंच्या यजमानांनी ते हौसेनं जमवले होते. ते गेले, सिनेमे पेनड्राइव्हवर राहिले.

हे सिनेमे चालत बाळदादासाठी. बाळदादा म्हणजे काकूंचा मुलगा. चाळिशीचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, आणि समजेनं चार-पाच वर्षांचा. राक्षस दिसला की तो "आला!" म्हणून टाळ्या पिटायचा. पण या सिनेमांत शेवटी गावकरी पलिते पेटवून राक्षसाच्या मागे लागतात. एकदा काकांनी तेवढं दाखवलं, तर बाळदादानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. तेव्हापासून पहिला पलिता दिसला की काकू टीव्ही बंद करत आणि शेवट स्वतः सांगत.

"मग तो घरी गेला. हातपाय धुतले. वरणभात खाल्ला. आणि?"

"झोपला!" बाळदादा म्हणायचा, आणि शहाण्यासारखा झोपायला जायचा.

मी पाचोड गावची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. पोहोचवायला वडील आले होते. बाळदादाला बघून ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "पोरी, इथं ऱ्हायचं नाय. लई दांडगा गडी हाय त्यो." तेवढ्यात त्या दांडग्या गड्यानं माझी ट्रंक खांद्यावर टाकून वर नेली, खाली येऊन खिशातून मूठभर सुकवलेली बोरं काढली आणि वडिलांच्या हातावर ठेवली. "खिशात असेल ते आधी दुसऱ्याला द्यायचं, एवढं एकच त्याला शिकवू शकले," काकू म्हणाल्या. वडिलांनी एक बोर खाल्लं. "ऱ्हा मग," म्हणाले.

काकूंना इंग्रजी कळत नसे, पण त्यांनी बोलणं कधी थांबवलं नाही. नायिका पळू लागली की त्या म्हणत, "अगं, असले जोडे घालून कुणी स्मशानात जातं का?" वेड्या डॉक्टरला विचारत, "तुला घरचं कुणी जेवायला हाक मारत नाही का रे?" मला वर्गात इंग्रजी ऐकलं की घाम फुटायचा. काकू म्हणायच्या, "शब्दांना काय भितेस? तोंडं बघ. माणूस तोंडावरून कळतो." माझी भीती गेली ती त्या खालच्या खोलीत. मी पदवीधर झाले तेव्हा आमच्या घरात कुणाला काय करावं ते सुचलं नाही. साखरभात काकूंनी केला.

गल्लीतल्या पोरांचा एक खेळ होता. पोरं बाळदादाभोवती जमून ओरडायची, "दादा, तू कोण?" तो दोन्ही हात वर करून म्हणायचा, "भूत!" पोरं किंचाळत पळायची, परत यायची, बोरं घ्यायची. काकूंनी तो खेळ कधी मोडला नाही. "चारचौघांत त्याला उत्तर देता येतं असा हा एकच प्रश्न आहे," असं त्या मला म्हणाल्या होत्या.

नोकरी लागल्यावरही मी तिथंच राहत होते. माघात काकू बाळदादाला घेऊन नात्यातल्या मुंजीला एका गावी गेल्या. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा निरोप प्रत्येकाच्या फोनवर येत होता. काकू मांडवात होत्या. बाळदादा खिशात बोरं घेऊन बाहेर पडला आणि बाजारात एका लहान मुलीसमोर जाऊन बसला. कुणीतरी मागून दरडावलं, "कोण रे तू?"

त्यानं उत्तर दिलं. हात वर करून, हसत.

पुढचं सगळं कुणीतरी फोनवर घेतलं आणि ते गावोगाव फिरलं. मी ते पाहिलं. त्यात कुणाच्या हातात पलिता नव्हता, भर दुपार होती. मारणाऱ्यांपेक्षा हातात फोन धरलेले जास्त होते. काकू पोहोचल्या तेव्हा लोक पांगले होते.

महिनाभरानं एका संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. "तुझ्या फोनमध्ये आहे ना ते?"

"हो."

"ते नको दाखवूस. एक सिनेमा लाव. शेवटपर्यंत."

मी लावला. पहिला पलिता दिसला आणि सवयीनं माझा हात रिमोटकडे गेला. "असू दे," काकू म्हणाल्या. पुढचं त्या पापणी न लववता बघत होत्या. राक्षसाकडे नाही, गर्दीकडे. एकेक तोंड बघत होत्या.

"एवढ्यांत एकही जण थांबा म्हणत नाही गं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "'भूत' म्हणायचं, हे मीच चालू दिलं."

पडदा काळा झाला. मला ते सहन होईना. त्यांचाच शेवट मी त्यांना देऊ गेले.

"मग तो घरी गेला. हातपाय…"

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नाही गेला गं," त्या म्हणाल्या.